बादलीतला पालक: मातीशिवाय भाजी पिकवण्याची पहिली बादली

कुंडीत पाणी साचून राहिलं की रोप मरतं, हे घरी झाडं लावणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. मग तीच मुळं रात्रंदिवस पाण्यात सोडली तर रोप जगतं कसं? माझ्या बाल्कनीतली पालकाची बादली बघायला येणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि या पद्धतीतलं जवळजवळ सगळं त्याच्या उत्तरात आहे. साचलेल्या कुंडीत रोप पाण्यानं मरत नाही, हवेवाचून मरतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यात हवा सतत खेळती राहिली, तर मुळं बुडालेली असूनही गुदमरत नाहीत. डीप वॉटर कल्चर म्हणजे एवढंच: एक झाकणबंद बादली, तिच्यात खत विरघळवलेलं पाणी, पाण्यात लोंबणारी मुळं आणि तळाशी बुडबुडे सोडणारा दगड.

ही पद्धत नवी नाही. रोपांना नेमकं काय लागतं हे शोधायला जर्मनीत १८६० च्या दशकात सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवली होती. १९३८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी सामान्य लोकांसाठी या पद्धतीची माहितीपत्रिका काढली. तिच्यात त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं की हवा-उजेड सारखाच असेल, तर पाण्यातलं पीक चांगल्या मातीतल्या पिकापेक्षा वरचढ ठरत नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते. मंडईतल्या जुडीपेक्षा ही भाजी स्वस्त पडेल किंवा चमत्कार होईल या आशेनं सुरुवात करू नका. जिथे माती ठेवायला जागा नाही, ग्रिलमध्ये कुंड्यांचं वजन नको आणि तरी सकाळी कापलेली पालेभाजी दुपारच्या वरणात पडावी असं वाटतं, त्या घरासाठी ही बादली आहे.

पहिलं पीक पालकच का

बरेच जण लेट्यूसपासून सुरुवात करायला सांगतात. थंडीत ते ठीक आहे. पण लेट्यूसचं बी उकाड्यात उगवायचं नाव घेत नाही, आणि उगवलंच तर मार्च-एप्रिलमध्ये उंच दांडा टाकून कडू होतं. आपला नेहमीचा पालक जास्त सोशिक आहे. मुळात तो विलायती स्पिनच नव्हेच, तो बीटाच्याच जातीतला आहे. म्हणूनच त्याचं बी एकटं नसतं, खडबडीत गोळीसारखं असतं आणि एका गोळीतून दोन-तीन रोपं निघतात. कृषी सेवा केंद्रात ‘ऑलग्रीन’ किंवा ‘पुसा ज्योती’ मागा. खारट पाणी थोडंफार सोसतो, बाहेरची पानं कापली की पुन्हा फुटतो, म्हणजे शिकताना झालेल्या चुका पोटात घालतो.

पुदिना त्याहूनही सोपा. बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवा, आठवड्याभरात पेरांपाशी मुळं फुटतात. पण पुदिना आणि पालक एका बादलीत नको, पुदिन्याची मुळं सगळी बादली व्यापतात. टोमॅटो, मिरची, काकडी पहिल्या वर्षी नकोच. त्यांना जास्त खत, आधार, परागीभवन आणि भरपूर ऊन लागतं.

उन्हाचं म्हणाल तर पालेभाजीला रोज चार-पाच तास थेट ऊन मिळालं पाहिजे. पूर्वेची किंवा दक्षिणेची बाल्कनी उत्तम. घरात उजेड कितीही वाटला तरी खिडकीपासून दोन हात आत ठेवलेलं रोप लांबुडकं होऊन आडवं पडतं.

सामान

रंगकाम करणाऱ्यांकडे २० लिटरची रिकामी रंगाची बादली झाकणासकट मिळते. ती पाण्यावर चालणाऱ्या रंगाची असावी, ऑइल पेंटची नको, आणि आतला थर पूर्ण निघेपर्यंत घासून घ्यावी. शंका असेल तर खाद्यतेलाची किंवा लोणच्याची बादली घ्या. बादली उजेड आत जाऊ न देणारी हवी. पारदर्शक डब्यात मुळं दिसतात म्हणून मोह होतो, पण उजेड आणि खत एकत्र आलं की आठवड्यात शेवाळ धरतं, आणि ते शेवाळ रोपाच्या वाटचं खत खातं. बादली उन्हासमोर धरून आतून बघा, उजेड झिरपताना दिसला तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा हात मारा. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो.

माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून एक छोटा एअर पंप, दोन मीटर नळी, एक एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) आणि एक चेक व्हॉल्व्ह आणा. चेक व्हॉल्व्ह म्हणजे नळीच्या मधे बसणारी, हवेला एकाच दिशेनं जाऊ देणारी बोटाएवढी चकती. ती वीस-तीस रुपयांची वस्तू विसरू नका, का ते पुढे सांगते. शिवाय २ इंची नेट पॉट (जाळीदार छोट्या कुंड्या) चार, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मातीच्या भाजलेल्या गोळ्या, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन आणि पीएच म्हणजे पाण्याचा आंबटपणा मोजायचे थेंब किंवा पेन. खताचे दाणे तोलायला एक ग्रॅमच्या खालचं वजन दाखवणारा छोटा काटा असेल तर छानच.

तांब्याचं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भांडं कुठेही वापरू नका. तांब्यातलं पाणी आपल्याला चांगलं म्हणून रोपालाही चांगलं असेल असं वाटतं, पण या आंबूस पाण्यात तांबं विरघळतं आणि मुळं जळतात.

झाकणाला चार भोकं पाडायची. ड्रिलचं गोल पातं नसेल तर सोल्डरिंगच्या कांबीनं, हवेशीर जागी, आखलेल्या वर्तुळावर टिंबं पाडत जा आणि मधला तुकडा ढकला. भोक नेट पॉटच्या काठापेक्षा किंचित लहान हवं, म्हणजे पॉट काठावर लटकतो, आत पडत नाही. कडेला नळीपुरतं एक बारीक छिद्र. एखादं मोठं भोक मोकळं राहत असेल तर ते चिकटपट्टीनं बंद करा. स्वच्छ साठलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. झाकण घट्ट असेल तर हा धोका राहत नाही.

आधी रोपं, मग बादली

बादली तयार करण्याआधी बी पेरा, कारण रोपांना पंधरा दिवस लागतात. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळावेत इतकंच ओलं ठेवा. पालकाची बी रात्रभर भिजवून सकाळी प्रत्येक नेट पॉटमध्ये दोन गोळ्या, बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल पेरा. नेट पॉटच्या तळाशी आधी मातीच्या धुतलेल्या गोळ्यांचा एक थर द्या, नाहीतर कोकोपीट गळून बादलीतलं पाणी गढूळ करतं. पॉट ताटलीत ठेवून साधं पाणी शिंपडत राहा. पाच ते आठ दिवसांत उगवण दिसते. उगवलं की लगेच उन्हात आणा.

प्रत्येक पॉटमध्ये दोन सशक्त रोपं ठेवून बाकीची कात्रीनं बुंध्याशी कापा. उपटलीत तर शेजारच्याची मुळं तुटतात. खरी दोन-तीन पानं आली आणि पॉटच्या जाळीतून पांढरी मुळं डोकावली की बादलीत जायची वेळ झाली.

पाणी आणि खत

पुण्यात आमच्याकडे नळाचं पाणी येतं तेव्हा टीडीएस पेन कमी आकडा दाखवतो, टँकर आला की तोच पेन तिप्पट दाखवतो. म्हणून खत घालण्याआधी कोरं पाणी मोजायची सवय लावा. २०० पीपीएमच्या आत असेल तर निश्चिंत वापरा. ४०० च्या वर असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या बाहेर फेकलेलं पाणी मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच जमलेले असतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. पावसाचं पाणी मिळालं तर सोनं.

खताचे दोन मार्ग आहेत. पहिल्या बादलीला हायड्रोपोनिक्ससाठी मिळणाऱ्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या आणा, आणि डब्यावरच्या प्रमाणाच्या निम्म्यानं सुरुवात करा. दोन बाटल्या का, एक का नाही? कारण एकीत कॅल्शियम असतं आणि दुसरीत सल्फेट-फॉस्फेट. दोन्ही घट्ट अवस्थेत एकमेकांत मिसळले की तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ बसतो, आणि जे तळाशी बसलं ते रोपाला मिळत नाही. म्हणून आधी ‘ए’ बादलीभर पाण्यात घालून ढवळायचं, मग ‘बी’.

दुसरा मार्ग कृषी सेवा केंद्राचा, आणि मला तोच जास्त आवडतो, कारण ठिबकवाले शेतकरी जी विद्राव्य खतं रोज वापरतात तीच इथे चालतात. १५ लिटर पाण्याला माझं माप असं आहे: कॅल्शियम नायट्रेट ९ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) साडेचार ग्रॅम, ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) तीन ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट सहा ग्रॅम. प्रत्येक खत वेगळ्या पेल्यात विरघळवून एकेक करत बादलीत ओता, कॅल्शियम नायट्रेट सगळ्यात शेवटी. लोह पाव ग्रॅम लागतं, आणि एवढं काट्यावर नीट येत नाही. त्याची युक्ती: १२ टक्क्यांचं चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं) लोह ५ ग्रॅम घेऊन अर्धा लिटर पाण्यात विरघळवा आणि गडद बाटलीत ठेवा. त्यातले २५ मिलिलिटर म्हणजे बरोबर पाव ग्रॅम. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही असंच पातळ करून, डब्यावरच्या मापानं घाला. त्यात हात सैल सोडू नका. बोरॉन थोडं जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात.

दुकानदार हमखास १९:१९:१९ पुढे करेल. जमिनीसाठी ते चांगलं खत आहे, पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. युरिया रोपाच्या उपयोगाचा व्हायला जमिनीतले जिवाणू लागतात, आणि ते आपल्या बादलीत फारसे नसतात. शेणखत, गांडूळखताचं पाणी, ताक, गूळ यातलं काहीही बादलीत नको. ते सडताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि आपली सगळी धडपड तर त्या ऑक्सिजनसाठी आहे.

वरच्या मापानं केलेलं पाणी साधारण दीड ईसीच्या (क्षारांमुळे पाणी किती वीज वाहतं त्याचं माप) आसपास येतं, म्हणजे पेनवर अंदाजे ७५० पीपीएम, अधिक तुमच्या कोऱ्या पाण्याचा आकडा. मोठ्या पालकाला हे योग्य. कोवळ्या रोपांना पहिले दहा दिवस याच्या निम्मं द्या.

खत घालून झाल्यावरच पीएच बघायचा. साडेपाच ते साडेसहा हवा. साडेसहाच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पीएच उतरवायला फॉस्फोरिक आम्लाचं पातळ द्रावण मिळतं. हातमोजे घाला, आम्ल पाण्यात टाका, आम्लावर पाणी कधीच ओतू नका, आणि थेंबाथेंबानं. लिंबू किंवा व्हिनेगरनंही पीएच उतरतो, पण दोन दिवसांत पुन्हा चढतो.

हवा

एअर स्टोन अगदी तळाशी मधोमध ठेवा. पंप चोवीस तास चालवायचा, रात्रीसुद्धा. रात्री पानांचं काम थांबतं, मुळांचा श्वास थांबत नाही. पाच वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तर साडेतीन-पावणेचार युनिट होतात, तेव्हा विजेची काळजी नको.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. माझा पहिला पंप बादलीशेजारी फरशीवर होता आणि नळीला चेक व्हॉल्व्ह नव्हता. रात्री वीज गेली, हवेचा दाब थांबला आणि पाणी उलटं नळीत शिरून पंपातून फरशीवर वाहू लागलं. सकाळी बादलीत चार बोटं पाणी उरलं होतं, सतरा दिवसांची रोपं माना टाकून बसली होती आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओल्या भिंतीची विचारपूस करायला दारात उभ्या होत्या. रोपं दुपारपर्यंत सावरली. काकूंना मी पुढच्या कापणीचा पालक नेऊन दिला. तेव्हापासून पंप भिंतीवरच्या फळीवर आहे आणि नळीला व्हॉल्व्ह आहे.

वीज तासभर गेली तर घाबरू नका. बराच वेळ जात असेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंप आणि पॉवर बँक जवळ ठेवा. तोही नसेल तर दर तासाला मगभर पाणी बादलीतून घेऊन हातभर उंचीवरून परत ओता. पडणारं पाणी हवा घेऊन जातं.

पाण्याच्या पातळीतही हवेचाच हिशेब आहे. पॉट नव्यानं बसवताना पाणी त्याच्या तळाला जेमतेम टेकू द्या. मुळं बोटभर लांब झाली की पातळी तीन-चार सेंटिमीटरनं खाली आणा आणि पुढे तशीच ठेवा. मधल्या रिकाम्या जागेत वरची मुळं दमट हवेत राहतात, फुटणाऱ्या बुडबुड्यांचे तुषार त्यांच्यावर उडतात, आणि पंप बंद पडला तरी तीच मुळं रोपाला तगवतात. काठोकाठ भरलेली बादली दिसायला समाधान देते, पण रोपाच्या दृष्टीनं ती वाईट.

उन्हाळ्यात खरी परीक्षा होते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि गरम पाण्यात मुळांना श्वास जास्त लागतो, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. पाणी २५ अंशांच्या पुढे गेलं की मूळकूज करणारी बुरशीही जोर धरते. बादलीला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा, माठ जसा पाणी गार करतो तसंच हे करतं. दुपारी बादलीवर ऊन येऊ देऊ नका, ऊन पानांना हवं, बादलीला नको. विदर्भात-मराठवाड्यात मे महिन्यात हा खेळ थांबवणंच शहाणपणाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायचा काळ.

रोज झाकण उचला

पानं चुकीची बातमी उशिरा देतात. मुळं आधी सांगतात. म्हणून रोज सकाळी एक नेट पॉट हलकेच उचलून खाली बघा. चांगली मुळं पांढरी, शेवयांच्या लडीसारखी, त्यांना बारीक लव असते आणि वास पावसानंतरच्या हवेसारखा ताजा येतो. लोहामुळे मुळांवर चहाच्या डागासारखा फिका रंग चढतो, त्याला घाबरू नका. शंका आली तर एक मूळ दोन बोटांत धरून ओढा. निरोगी मूळ ताठ राहतं. कुजलेल्या मुळाचं वरचं साल बुळबुळीत होऊन बोटात निघून येतं आणि आत केसासारखा धागा उरतो. नाक जवळ नेलं तर गटाराचा वास. तसं झालं तर सडकी मुळं कापा, उरलेली साध्या पाण्यात धुवा, बादली आणि एअर स्टोन ब्लीचच्या पाण्यानं घासून खळखळून धुवा, आणि निम्म्या ताकदीचं नवं पाणी भरा. मग कारण शोधा. पाणी तापलं होतं का, दगडातून बुडबुडे कमी झाले होते का, उजेड आत येत होता का. बहुतेक वेळा या तिघांपैकीच एक असतं.

पाणी कमी झालं की आधी पेन बुडवा. पातळी उतरली आणि आकडा चढला, तर रोप तहानलेलं आहे, साधं पाणी घाला. पातळीबरोबर आकडाही उतरला तर भूक आहे, पातळ खतपाणी घाला. न मोजता दर वेळी खतच ओतत राहिलात तर दोन आठवड्यांत पानांची टोकं तपकिरी होतात. दर १२-१४ दिवसांनी सगळं पाणी बदला. जुनं पाणी मोरीत ओतू नका, कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या कुंडीला द्या, त्यात अजून भरपूर खत असतं.

खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतोय. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम. मावा दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढा, मग लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी संध्याकाळी फवारा. फवारताना झाकणावर फडकं टाका, तेल बादलीत उतरायला नको.

बादलीत ठेवल्यापासून साधारण महिन्याभरात पहिली कापणी होते. बाहेरची मोठी पानं देठासकट कापा, मधला कोंब आणि त्याभोवतीची चार-पाच कोवळी पानं राखा. आठ-दहा दिवसांत पुन्हा कापायला येतो. माझ्या एका बादलीतून चार-पाच वेळा कापणी होते. त्यानंतर पानं लहान आणि जाड होऊ लागतात, मग मी मुळांचा गठ्ठा उपसून काढते. पंजात मावत नाही एवढा तो होतो, आणि वाळवून चुरला की कुंडीतल्या मातीत मिसळता येतो.

चौथी कापणी झाली की त्याच दिवशी पुढच्या चार पॉटांतलं बी भिजत घाला, म्हणजे बादली धुऊन कोरडी होईपर्यंत नवी रोपं तयार असतात.